कॅमेरा निघून गेल्यावर

शास्त्रपाठ : मत्तय १२:४३-४५, मलाखी ३:१-३



भाषांतराच्या तपासणीसाठी भरलेल्या एका बैठकीच्या निमित्ताने मध्यंतरी मला काही दिवस दिल्लीत राहावे लागले. उतरण्याची सोय करोल बागेतील एका साध्या अतिथिगृहात होती. दिवसभर मलाखीच्या पुस्तकातील एकेका शब्दाशी झगडून झाले की संध्याकाळी पाय मोकळे करण्यासाठी मी बाजारात हिंडत असे. ज्यांनी हा भाग पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की आर्य समाज रोड आणि नाईवाला यांच्या परिसरात मोटारी व दुचाकी यांच्या सुट्या भागांची आणि सजावटीच्या सामानाची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. गिऱ्हाईक रस्त्याच्या कडेलाच गाडी उभी करतो आणि तास-दोन तासांत तिचे रूप पालटते. नवी सीट कव्हरे चढतात, रंगीत दिवे बसतात, दारांतून ध्वनिक्षेपक घुमू लागतात. मळकट गाडी घेऊन आलेला माणूस नवरदेवाच्या थाटात परत जातो.

अशाच एका दुकानापुढे कोणीतरी मला मराठीत हाक मारली, "काका, ओळखलंत का?"

मी ओळखले. मराठवाड्यातील एका मंडळीत वाढलेला हा मुलगा. त्याचे नाव मी येथे देत नाही. पण हे सारे मी त्याला विचारूनच लिहीत आहे. बारा वर्षांपूर्वी एका उज्जीवन सभेत त्याने व्यासपीठावरून साक्ष दिली होती. ऐन विशीत दारूच्या पूर्ण आहारी गेलेला हा तरुण प्रभूने सोडवला, हे त्याच्याच तोंडून ऐकताना मांडवातील कितीतरी आयाबाया पदराने डोळे पुसत होत्या. त्या सभेत वचनाची सेवा माझ्याकडे होती. त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला पुढे आणणारा मीच होतो. आमचे छायाचित्रही निघाले. ते पुढे एका अहवालात छापून आल्याचे मला आठवते.

त्यानंतर त्याचे काय झाले, हे मी बारा वर्षांत एकदाही विचारले नव्हते.

१. वरून नवी झालेली गाडी

दुकानातील काम आटोपल्यावर आम्ही चहाला बसलो. बोलता बोलता तो म्हणाला, "काका, इथे गिऱ्हाइकं मोबाइलवर परदेशातल्या कार्यक्रमांचे तुकडे दाखवतात आणि म्हणतात, माझी गाडी अशी करून द्या. आम्ही वरून करून देतो. बॉनेट उघडा असं कोणी म्हणत नाही."

त्याने ज्या कार्यक्रमांचा उल्लेख केला त्यांतील सर्वांत गाजलेला म्हणजे अमेरिकेत एमटीव्ही वाहिनीवर २००४ ते २००७ या काळात दाखवला गेलेला 'पिंप माय राइड'. नाव फारसे शोभनीय नाही, पण कल्पना मोठी आकर्षक होती. एखाद्या तरुणाची मोडकळीस आलेली गाडी घ्यायची, नामांकित कारखान्यात न्यायची आणि तिचा कायापालट करून मालकापुढे आणून उभी करायची. गाडीत दूरचित्रवाणीचे पडदे बसत, खेळांची यंत्रे बसत, ज्याची कोणी कल्पनाही केली नसेल असल्या वस्तू बसत. पडदा दूर होई, मालक आनंदाने ओरडे, सूत्रसंचालक त्याला मिठी मारी आणि कार्यक्रम संपे.

त्या गाड्यांचे पुढे काय झाले? २०१५ साली त्या कार्यक्रमात भाग घेतलेल्या काही जणांनी वृत्तमाध्यमांना आपली हकिकत सांगितली. पडद्यावर थोड्या दिवसांत झालेले दिसणारे काम प्रत्यक्षात कित्येक महिने चालले होते. बसवलेल्या वस्तूंपैकी काही चित्रीकरणानंतर काढून घेण्यात आल्या. रंगरूप नवे झाले, पण यंत्राचे जुने दुखणे बरेचसे तसेच राहिले, आणि काही गाड्या लवकरच रस्त्यात बंद पडू लागल्या. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की कार्यक्रमाशी संबंधित लोकांनी यातील काही गोष्टींचा खुलासा केला. काही वस्तू सुरक्षिततेच्या विचाराने काढाव्या लागल्या, असे त्यांचे म्हणणे होते. तथापि एक गोष्ट दोन्ही बाजूंच्या सांगण्यातून स्पष्ट होते. कार्यक्रमाला हवा होता तो पडदा दूर होण्याचा क्षण. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू होते की नाही, हा कार्यक्रमाचा विषयच नव्हता.

असे सर्वच कार्यक्रम असतात असे नाही. २००३ साली सुरू झालेल्या 'व्हीलर डीलर्स' या ब्रिटिश कार्यक्रमात एड चायना नावाचे कारागीर एकेका भागाची दुरुस्ती सविस्तर करून दाखवीत आणि प्रेक्षकही ती आवडीने पाहत. परंतु मार्च २०१७ मध्ये त्यांनी तो कार्यक्रम सोडला. कार्यशाळेतील कामाचे चित्रीकरण फार जिकिरीचे असते म्हणून ते कमी करावे, अशी नव्या निर्मात्यांची इच्छा होती आणि ती आपल्याला पटली नाही, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. जे काम सर्वांत गरजेचे तेच दाखवायला सर्वांत अवघड असते. हात काळे होतात, वेळ जातो, आणि पाहणाऱ्याला टाळ्या वाजवण्याजोगे त्यात काही घडत नाही.

चहाचा कप खाली ठेवून तो तरुण शांतपणे म्हणाला, "माझी पण तशीच गाडी झाली, काका. सभेच्या दिवशी सगळे होते. नंतर बॉनेट उघडून कोणी बघितलं नाही."

त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. असता तर मला उत्तर देणे सोपे गेले असते.

मग त्याने सांगितले. सभेनंतर चार महिने तो दारूपासून दूर राहिला. परंतु पूर्वीचे कर्ज डोक्यावर होते आणि हाताला काम नव्हते. संध्याकाळी सहा वाजले की करायचे काय, हा प्रश्न रोजचा होता. कारण ज्यांच्याबरोबर त्याच्या संध्याकाळी जात त्यांना त्याने सोडले होते आणि मंडळीतील कोणीही त्याला आपल्या घरी बोलावले नव्हते. रविवारी उपासनेत लोक त्याच्याकडे कौतुकाने पाहत. अन्य दोन ठिकाणी साक्ष देण्यासाठी त्याला बोलावणेही आले. पाचव्या महिन्यात तो पुन्हा प्यायला. त्यानंतर त्याला कोठे तोंड दाखवावेसे वाटेना. "साक्ष दिलेला माणूस पडला की त्याला परत येण्यासाठी दारच राहत नाही, काका," तो म्हणाला. पहिल्यापेक्षा पुढची वर्षे वाईट गेली. दिल्लीस येऊन तीन वर्षे झाली होती. कधी बरे, कधी वाईट, असे चालले होते.

२. झाडलेले, शोभिवंत आणि रिकामे

त्या रात्री मला झोप आली नाही. मी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय उघडला. प्रभूने सांगितलेली ती छोटीशी गोष्ट आपण सर्वांनी वाचली आहे. अशुद्ध आत्मा एका माणसातून निघतो, निर्जल प्रदेशांत विसावा शोधत भटकतो, त्याला तो मिळत नाही, आणि मग तो आपल्या पूर्वीच्या घराकडे परत येतो. घर त्याला रिकामे, झाडलेले आणि सजवलेले आढळते. तो आपल्याहून दुष्ट असे आणखी सात आत्मे घेऊन येतो आणि त्या माणसाची शेवटची दशा पहिल्यापेक्षा वाईट होते.

ही गोष्ट प्रभूने केव्हा सांगितली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्याच अध्यायात थोडे आधी काही शास्त्री व परूशी त्याच्याकडे येऊन चिन्ह दाखवण्याची मागणी करतात. त्यांना काहीतरी पाहावयाचे होते. डोळ्यांपुढे घडणारे, चर्चा करण्याजोगे असे काही हवे होते. आंधळा व मुका असा एक भूतग्रस्त माणूस त्याच अध्यायात बरा झाला होता. त्या माणसाचे पुढे काय झाले, तो कोणाच्या घरी जेवला, त्याला काम कोणी दिले, हे विचारण्यासाठी त्यांच्यापैकी कोणी पुढे आल्याचे शुभवर्तमानात दिसत नाही. चिन्हाची मागणी करणाऱ्या त्या पिढीला उद्देशूनच प्रभू हा दाखला संपवतो.

भाषांतराचे काम करताना मूळ भाषेतील क्रियापदांच्या रूपांपाशी थांबण्याची सवय लागते. ग्रीक पाठात त्या घराला तीन विशेषणे आहेत. झाडलेले आणि सजवलेले ही दोन कृदंते पूर्ण झालेली क्रिया दाखवतात. ते काम करून संपलेले आहे. 'सजवणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदाशी आज बाजारात प्रचलित असलेल्या 'कॉस्मेटिक' या शब्दाचे नाते आहे. परंतु 'रिकामे' हे कृदंत वर्तमानकाळी आहे. म्हणजे झाडलोट झाली, सजावटही झाली आणि हे सर्व झाल्यानंतरही घर रिकामे राहतच आहे. स्वच्छतेत काही दोष नव्हता. उणीव होती ती राहणाऱ्याची.

बंधुभगिनींनो, झाडलोट वाईट आहे असे मी म्हणत नाही. व्यसन सुटणे ही थोर गोष्ट आहे. उज्जीवन सभा, युवक शिबिरे, उपास-प्रार्थना यांतून देवाने कित्येकांना सोडवले आहे आणि त्यांबद्दल आपण त्याचे उपकार मानतो. त्या रात्री त्या तरुणाच्या जीवनात जे घडले ते खोटे होते, असेही मला वाटत नाही. घर खरोखर झाडले गेले होते. परंतु आम्ही त्या घराच्या दारात उभे राहून छायाचित्र काढले, दिवा मालवला आणि कुलूपही न लावता निघून आलो.

आणखी एक गोष्ट येथे आठवते. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० गाडीची किल्ली तत्कालीन पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्ते दिल्लीतील एका सद्गृहस्थांना देण्यात आली. इंडियन एअरलाइन्समधील त्या कर्मचाऱ्याने ती गाडी २०१० साली निधन होईपर्यंत जपली. त्यानंतर ती बरीच वर्षे घराबाहेर गंजत पडली होती. पुढे कंपनीने तिचे रूप पूर्ववत करून ती दिल्लीतील आपल्या मुख्यालयात मांडली. ऐतिहासिक गाडीसाठी ही जागा योग्यच आहे. परंतु माणसासाठी ती योग्य नाही. आपल्या मंडळ्यांत अशीही काही जीवने आहेत, जी प्रभूने रस्त्यावर धावण्यासाठी दुरुस्त केली आणि आपण ती दर्शनी दालनात ठेवली. वीस वर्षांपूर्वीची तीच साक्ष आपण त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतो. आज त्यांचा देवाशी संबंध कसा आहे, त्यांच्या घरात काय चालले आहे, हे विचारण्याचे आपल्याला सुचत नाही. कारण आपल्या दृष्टीने त्यांचे काम त्या जुन्या गोष्टीपुरतेच उरलेले असते. अशी माणसे बाहेरून चकचकीत राहतात आणि आतून एकाकी होतात.

३. तो बसेल

करोल बागेत मोटारींच्या बाजाराइतकाच प्रसिद्ध दुसरा एक व्यवसाय आहे, तो सोन्याचा. बीडनपुरा आणि रैगरपुरा यांच्या अरुंद बोळांत दागिन्यांचे कारागीर काम करतात, आणि त्यांच्याच आसऱ्याने आपली मराठी माणसेही तेथे आहेत. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून गलाईचा, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा, व्यवसाय घेऊन आपले लोक देशभर पसरले आहेत, हे अनेकांना ठाऊक असेल. त्या तरुणाच्या खोलीशेजारी असेच एक गलाई व्यावसायिक राहत होते. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायावर आमचे काम चालू असल्याने मला त्यांची भट्टी पाहण्याची इच्छा झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघे तेथे गेलो.

"या पाव्हणं," म्हणून त्यांनी मोठ्या आपुलकीने स्वागत केले आणि सारे काम समजावून दिले. सोन्याची मोड प्रथम मुशीत वितळवतात. तिच्यात आणखी चांदी मिसळतात, आणि मग तो मिश्र धातू तेजाबात टाकून तापवतात. तेजाब चांदीला आणि तांब्याला विरघळवून घेतो. सोन्याला तो स्पर्श करू शकत नाही. सगळे विरघळल्यावर भांड्याच्या तळाशी जे उरते ते पाहून मी चकित झालो. ते चमकत नव्हते. ओल्या मातीसारखा तो तपकिरी गाळ होता.

"हे काय आहे?" मी विचारले.

"हेच चोख सोनं," ते हसून म्हणाले. "आता धुवायचं, टाकणखार घालून पुन्हा मुशीत आटवायचं, मग त्याला रंग येतो. मधीच बघणाऱ्याला वाटतं, सगळं वाया गेलं."

तो तरुण त्या गाळाकडे बराच वेळ पाहत राहिला. मीही पाहत राहिलो. त्याच गल्लीच्या एका टोकाला तासाभरात चकाकी देणारा बाजार होता आणि दुसऱ्या टोकाला, शुद्धतेच्या अगदी जवळ आलेले सोने सर्वांत कमी सोन्यासारखे दिसत होते.

निघताना मी त्यांना विचारले, "भट्टी चालू असताना तुम्ही बाहेर जाऊ शकता का?" त्यांना माझा प्रश्नच विचित्र वाटला. "कसं जाणार? आच कमी-जास्त झाली तर? बसूनच राहावं लागतं."

बसूनच राहावे लागते! ज्या शब्दावर आमच्या बैठकीत सकाळी चर्चा झाली होती, तोच शब्द मी संध्याकाळी त्या भट्टीशेजारी ऐकला. मलाखी संदेष्टा येणाऱ्या प्रभूविषयी सांगतो तेव्हा त्याला गाळणाऱ्याच्या अग्नीची आणि परटाच्या साबणाची उपमा देतो, आणि पुढे म्हणतो की तो रुपे गाळून शुद्ध करणाऱ्यासारखा बसेल. येथे वापरलेले हिब्रू क्रियापद 'याशव' हे आहे. मराठीत बसणे आणि वसणे असे दोन वेगळे शब्द आपण वापरतो. हिब्रूत हे एकच क्रियापद दोन्ही अर्थ वाहते. जो भट्टीपाशी बसतो तो तेथे वस्ती करणाराच असतो. रिकाम्या घराच्या दाखल्याला शास्त्राचे उत्तर मला या एका शब्दात मिळाले. झाडलेल्या घराला राहणारा हवा होता. आणि आपला प्रभू येऊन, चमकवून, निघून जाणारा नाही. तो बसतो, तो वसतो. म्हणूनच प्रेषित पौल इफिसकरांसाठी प्रार्थना करतो की विश्वासाच्या द्वारे ख्रिस्ताने त्यांच्या अंतःकरणांत वस्ती करावी (इफिस ३:१७).

परंतु त्या वचनात आणखी एक गोष्ट आहे आणि तीच मला सांगावयाची आहे. तो गाळणारा बसून कोणाला शुद्ध करणार आहे? मलाखी मद्यप्यांचे नाव घेत नाही. तो लेवीच्या वंशजांचे नाव घेतो. मंदिरात सेवा करणारे, वेदीपाशी उभे राहणारे, लोकांना नियमशास्त्र शिकवणारे जे होते, त्यांना आधी भट्टीत जायचे आहे. ज्या तरुणासाठी मी मनात दुःख करीत होतो तो माझ्या शेजारी उभा होता. आणि वचन मात्र माझ्याकडे बोट दाखवत होते. व्यासपीठावर उभे राहून मी त्याच्या साक्षीचा उपयोग केला होता. माझ्या संदेशाला त्याच्या अश्रूंनी बळ आले होते. ते बळ घेऊन मी घरी आलो आणि त्याला विसरलो. हा माझा अपराध होता. त्या बोळात, तेजाबाच्या उग्र वासात, मी त्याच्यापुढे तो कबूल केला. तो संकोचला आणि म्हणाला, "जाऊ द्या काका, तुम्हाला किती कामं असतात." त्याच्या या वाक्याने मला अधिकच लाज वाटली.

४. कुप्र बेटावरील वर्षे

मग आपण करावे तरी काय? शास्त्रात याचे एक सुंदर उदाहरण आहे. योहान ज्याला मार्क म्हणत तो तरुण पौल व बर्णबा यांच्यासह सेवेस निघाला आणि पंफुल्यातील पिर्गा येथून अर्ध्यावरच परत फिरला (प्रे. कृत्ये १३:१३). पुढील प्रवासाच्या वेळी पौलाने त्याला बरोबर घेण्यास स्पष्ट नकार दिला. दोघा थोर सेवकांत तीव्र मतभेद झाला. पौल सीलाला घेऊन निघाला आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास गेला (१५:३९). येथून पुढे लूक आपल्याला पौलाच्या मागे नेतो; बर्णबा व मार्क यांच्याविषयी प्रेषितांच्या कृत्यांत एक ओळही उरत नाही. कॅमेरा, असे म्हणा, दुसऱ्या गलबतावर चढला.

परंतु अनेक वर्षांनी बंदिवासातून तीमथ्याला लिहिताना तोच पौल मार्काला आपल्याबरोबर घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे, अशा आशयाचे शब्द लिहितो (२ तीम. ४:११). मध्यंतरी काय घडले? ज्याला नाकारले गेले तो उपयोगी कसा झाला? शास्त्र तपशील देत नाही. पण त्या न लिहिलेल्या वर्षांच्या आरंभी बर्णबा होता, एवढे आपल्याला ठाऊक आहे. जुन्या ओळखीच्या बेटावर, सभेविना, अहवालाविना, तो त्या पडलेल्या तरुणाबरोबर राहिला. आज आपल्या हातांत असलेले दुसरे शुभवर्तमान मार्काच्या नावाने आहे, हे आपण विसरू नये.

पौल स्वतःही हे शिकला असावा. गलतीकरांना तो लिहितो की कोणी अपराधात सापडला तर आत्मिक असणाऱ्यांनी सौम्यतेने त्याला पुन्हा ताळ्यावर आणावे (६:१). तेथे जे ग्रीक क्रियापद आहे तेच मार्काच्या शुभवर्तमानात याकोब व योहान तारवात बसून जाळी नीट करीत होते, तेथे वापरलेले आहे (१:१९). जाळे नीट करणे हे बसून करण्याचे काम. एकेक फाटलेला धागा शोधावा लागतो, आणि आज सांधलेले जाळे उद्याच्या मासेमारीनंतर पुन्हा पाहावे लागते. पौलाच्या त्या आज्ञेचे रूपही वर्तमानकाळी आहे; चालू ठेवण्याचे काम तो सांगत आहे.

आपल्या मंडळ्यांसाठी यातून काही साध्या गोष्टी निघतात. ज्याने नुकतेच व्यसन सोडले आहे, त्याला लगेच व्यासपीठावर उभे करण्याची घाई करू नये. त्याची साक्ष वर्षभर थांबली तरी देवाच्या राज्याचे नुकसान होणार नाही. त्याच्यासाठी दोन माणसे नेमावीत, जी त्याच्या संध्याकाळी वाटून घेतील. त्याला जेवायला घरी बोलवावे. त्याच्या कर्जाची, कामाची, पत्नीशी बिघडलेल्या नात्याची चौकशी करावी. कारण यंत्राचे दुखणे बहुधा तेथेच असते. आवश्यक तेव्हा वैद्यांची मदत घेण्यास त्याला संकोच वाटू देऊ नये. त्याच्याबरोबर बसून वचन वाचावे, म्हणजे रिकाम्या घरात राहणाऱ्याची वस्ती होईल. आणि तो पुन्हा पडलाच, तर तो आपल्या अहवालाचा अपमान आहे असे न समजता त्याच्या दारी सर्वांआधी जावे. भट्टीतील तो तपकिरी गाळ आठवावा. मध्येच पाहणाऱ्याला सगळे वाया गेल्यासारखे वाटते. गाळणाऱ्याला ठाऊक असते की सोने तेथेच आहे.

आणि जे वाचक आज स्वतः पडलेले आहेत, ज्यांनी कधी साक्ष दिली होती आणि आता लाजेने मंडळीपासून दूर आहेत, त्यांना मला एकच सांगावयाचे आहे. माणसे तुमच्याजवळून उठून गेली असतील. तो उठलेला नाही. पेत्राने तीनदा नाकारल्यावरही प्रभू समुद्रकाठी कोळशांच्या विस्तवापाशी त्याची वाट पाहत होता, आणि त्याने प्रथम त्याला जेवण दिले, मग प्रश्न विचारला (योहान २१).

त्या संध्याकाळनंतर मी परत आलो. दर गुरुवारी रात्री नऊ वाजता मी त्या तरुणाला फोन करतो. कधी तो उचलतो, कधी उचलत नाही. उचलला नाही तर शुक्रवारी पुन्हा करतो. दिल्लीतील एका लहानशा मंडळीतील एक वयस्क दांपत्य आता त्याला आठवड्यातून एकदा जेवायला बोलावते. तो पूर्ण सुटला आहे असे मी लिहिणार नाही. ते लिहिण्याची मला आता घाई नाही. मागील गुरुवारी त्याने आपण होऊन विचारले, "काका, मलाखीचं भाषांतर झालं का?" मी म्हणालो, "नाही रे, अजून बसलोय त्याच्यावर." तो हसला.

प्रार्थना : हे प्रभू, तू आमच्या जीवनाच्या भट्टीपाशी बसतोस आणि उठून जात नाहीस, म्हणून आम्ही तुझे उपकार मानतो. जे तुझ्या वेदीपाशी उभे राहतात त्या आम्हांला आधी शुद्ध कर. ज्यांना आम्ही पुढे आणले आणि मग विसरलो त्यांची नावे आज आम्हांला आठवण करून दे, आणि त्यांच्या दारी जाण्याची नम्रता दे. आमच्या झाडलेल्या घरांत तू स्वतः येऊन वस्ती कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.